काचपट्टीपासून पेट स्कॅनपर्यंत : डॉ. वसंत खानोलकर

गेल्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, घाटंजीकडच्या एक बाई आमच्या सरकारी रुग्णालयात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आठ महिन्यांपासून अंगावरून पुन्हा लाल जात होतं. आधी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मग सुनेला सांगितलं, सुनेनं आशाताईंना सांगितलं आणि आशाताई त्यांना घेऊन आल्या. स्त्रीरोग विभागात तुकडा काढून तपासला, तर गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. उपचार ठरवण्यासाठी नागपूरला पेट स्कॅन झाला. तो घेऊन मायलेक परत आले, तेव्हा मुलानं एक साधा प्रश्न विचारला. तुकडा तपासून रोग कळला होता, तर हा एवढा महागाचा फोटो पुन्हा कशासाठी?

प्रश्न रास्त होता. तुकड्याची तपासणी सांगते की रोग काय आहे. स्कॅन सांगतो की तो शरीरात कुठे कुठे आहे. आणि तिसराही एक प्रश्न असतो, जो त्या मुलानं विचारला नाही, पण त्याच्या मनात असणारच: हा रोग माझ्या आईलाच का झाला? काय, कुठे आणि का, या तीन प्रश्नांभोवती आपल्याकडच्या एका मराठी डॉक्टरनं आपलं अख्खं आयुष्य घालवलं. भारतातल्या विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून वैद्यकाच्या जगात त्यांचं नाव घेतलं जातं. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्या पेट स्कॅनपर्यंत येणारी वाट त्यांच्या आयुष्यातून जाते, म्हणून आज त्यांच्याविषयी.

रंगात बुडवलेला तुकडा

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी, मूळ गोमंतकाशी नातं असलेल्या मराठी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम. डी. ही पदवी त्यांनी मिळवली. त्या काळी लंडनची पदवी घेऊन आलेला डॉक्टर मुंबईत दवाखाना थाटून बंगला बांधू शकत होता. खानोलकरांनी शिकवायचं ठरवलं. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज या मुंबईच्या दोन्ही जुन्या महाविद्यालयांत त्यांनी विकृतिशास्त्र शिकवलं.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण या डॉक्टरांची आणि रुग्णाची सहसा गाठ पडत नाही. शरीरातून काढलेला तुकडा आधी मेणात बसवतात. मग केसाहून बारीक अशा चकत्या कापून त्या काचपट्टीवर घेतात. या चकत्या नुसत्या पाहिल्या तर जवळपास पारदर्शक असतात, काहीच कळत नाही. म्हणून त्यांना रंग देतात. एका रंगानं पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, दुसऱ्यानं उरलेला भाग गुलाबी. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं की पेशी शिस्तीत उभ्या आहेत की गर्दी करून, वेड्यावाकड्या वाढून, हद्द ओलांडून आत घुसल्या आहेत. कॅन्सरचं निदान आजही प्रामुख्यानं याच पद्धतीनं होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवू. न दिसणारी वस्तू दिसायची असेल तर तिला चिकटणारा रंग शोधावा लागतो. पुढे सगळं याच सूत्रावर चालणार आहे.

परळच्या रुग्णालयातली नोंदवही

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. प्रयोगशाळा आणि संशोधन या विभागाचे प्रमुख म्हणून खानोलकर तिथे गेले. फक्त कॅन्सरसाठी असलेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसं येऊ लागली. त्यांचे तुकडे खानोलकरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येऊ लागले. दुसरा कुणी असता तर निदान लिहून पुढची काचपट्टी हाती घेतली असती. खानोलकर नोंदवहीही पाहत राहिले. हा माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, कोणतं कापड कसं नेसतो, कोणत्या समाजातला, लग्न कोणत्या वयात झालं?

त्यातून काही गोष्टी लक्षात आल्या, ज्या परदेशी पुस्तकांत नव्हत्या. बिहारकडे चुन्यात मळलेली खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात, तिथे नेमक्या त्याच जागी कॅन्सर होत होता. धोतर किंवा लुगडं वर्षानुवर्षं कमरेला घट्ट आवळून नेसणाऱ्यांच्या कमरेच्या त्वचेवर, घासल्या जाणाऱ्या पट्ट्यात कॅन्सर उगवत होता. वैद्यकाच्या पुस्तकात धोती कॅन्सर हे नाव आलं ते अशा निरीक्षणांतून. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतातल्या अशा चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरवर निबंध प्रसिद्ध केला.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र आणखी ठळक होतं. पारशी स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा फार. मुसलमान स्त्रियांत तो हिंदू स्त्रियांपेक्षा कमी. शहर एकच, हवा एक, पाणी एक. मग फरक का? आनुवंशिकता, की राहणी? खानोलकर आणि त्यांचे सहकारी एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास केला. रोगाचं कारण रक्तात आहे की रिवाजात, हे त्यांना पाहायचं होतं.

रुग्णालयातली नोंदवही म्हणजे जे आले त्यांचीच नोंद, जे आलेच नाहीत त्यांची नाही. ही मर्यादा मोठी आहे. म्हणूनच १९६३ मध्ये मुंबईत, पूर्ण लोकसंख्येतल्या कॅन्सरची मोजदाद करणारी देशातली पहिली नोंदणी सुरू झाली, आणि १९८७ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला ग्रामीण भागासाठीची नोंदणी. या मोजणीतून खानोलकरांना दिसलेलं चित्र पक्कं झालं: गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्या स्त्रियांच्या वाट्याला सारखा येत नाही. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, गरिबी आणि तपासणीचा अभाव जिथे आहे तिथे तो जास्त. यामागे काहीतरी आहे, एवढं स्पष्ट होतं. ते काय, हे मात्र काचपट्टीवर दिसत नव्हतं.

डाग दिसण्याआधीचा कुष्ठरोग

विदर्भातल्या वाचकांना खानोलकरांचं दुसरं काम जवळचं वाटेल, ते कुष्ठरोगावरचं. आपल्याकडे कुष्ठरोग म्हणजे अंगावरचा बधिर चट्टा. खानोलकरांनी कुष्ठरोग्यांची त्वचा आणि मज्जातंतू बारकाईनं तपासले. चट्टा नजरेला दिसायच्या आधीच जंतू त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंत घर करून असतात, या मुक्या अवस्थेकडे त्यांनी लक्ष वेधलं. म्हणजे आपण ज्याला रोगाची सुरुवात समजतो ती खरं तर मधली पायरी असते.

कॅन्सरचंही तसंच आहे. अंगावरून लाल जाणं ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची सुरुवात नव्हे. त्याआधी दहा-पंधरा वर्षं पेशी हळूहळू बिघडत आलेल्या असतात. त्या वर्षांत दुखत नाही, खुपत नाही, बाई शेतात जाते, स्वयंपाक करते. या मुक्या काळात रोग पकडायचा कसा, हाच खरा प्रश्न आहे.

शिष्या, बाल्टिमोर आणि एका आईच्या पेशी

१९५२ च्या सुमारास परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तिथे नुसते डॉक्टर नव्हते. जीवशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, आनुवंशिकी जाणणारे अशी माणसं त्यांनी गोळा केली. एकाच रोगाकडे अनेकांनी अनेक बाजूंनी पाहावं, ही कल्पना तेव्हा आपल्या देशात नवी होती.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत सगळ्यात गाजलेलं नाव कमल रणदिवे यांचं. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या कमलताई लग्नानंतर मुंबईला आल्या आणि टाटा रुग्णालयात खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागल्या. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. शरीराबाहेर, बाटलीत जिवंत पेशी वाढवायच्या कशा, हे तंत्र गाय यांच्याकडे होतं.

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये एक विलक्षण घटना घडली. हेन्रिएटा लॅक्स नावाची पाच मुलांची आई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं आजारी होती. तिच्या गाठीचा तुकडा, तिला न विचारता, गाय यांच्याकडे पाठवला गेला. त्याआधी बाटलीतल्या माणसाच्या पेशी काही दिवसांत मरून जात. या पेशी मेल्याच नाहीत, वाढतच राहिल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. तिच्या पेशी हेला या नावानं जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. त्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाला याची कल्पना कित्येक वर्षांनी आली. वैद्यकानं हे ऋण आणि ही चूक दोन्ही विसरू नयेत.

कमलताईंनी परत येऊन मुंबईत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. भारतातली ती पहिली. उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करताना कॅन्सर, संप्रेरकं आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी अभ्यासला. विषाणूमुळे कॅन्सर होऊ शकतो, हे तेव्हा फार थोडे लोक मानत होते. खानोलकरांच्या संस्थेत तो विचार अस्पृश्य नव्हता, हे महत्त्वाचं.

खानोलकर १९७८ मध्ये वारले. त्याच दशकात जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउजेन हे डॉक्टर असं मांडत होते की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे चामखिळीच्या विषाणूंच्या कुळातला विषाणू असावा. फारसं कुणी ऐकत नव्हतं. १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांच्या गटानं या कॅन्सरच्या गाठींतून ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचे, म्हणजे एचपीव्हीचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हेच दोन प्रकार असतात. आणि हेन्रिएटाच्या त्या न मरणाऱ्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांतही १८ क्रमांकाचा विषाणू सापडला. त्सुर हाउजेन यांना २००८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

खानोलकरांच्या नोंदवहीतल्या कोड्याचं उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांत हाती लागलं. लहान वयातलं लग्न, जास्त बाळंतपणं, सुंता झालेल्या पुरुषांत हा विषाणू कमी आढळणं, अशा अनेक धाग्यांचा अर्थ आता लागू लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण तपासणीच्या खोलीत हा विषय निघाला की बायकांचे चेहरे पडतात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरं, पण तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो आणि त्यांतल्या काहींना बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होतो. याचा चारित्र्याशी काडीचाही संबंध नाही. नवऱ्यानं बायकोवर किंवा सासूनं सुनेवर संशय घ्यावा असं यात काही नाही.

अणूचा रंग

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे, म्हणजे स्कॅनकडे येऊ. इथेही खानोलकर भेटतात.

१९५० च्या दशकात होमी भाभा तुर्भ्याला अणुऊर्जेचं केंद्र उभारत होते. अप्सरा ही अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली. अणूचा उपयोग वैद्यकात कसा करायचा आणि त्याच्या किरणांपासून माणसाला धोका किती, या दोन्ही प्रश्नांसाठी जाणता डॉक्टर हवा होता. अणुऊर्जा खात्याच्या जैव आणि वैद्यकीय सल्लागार समितीचं अध्यक्षपद खानोलकरांकडे आलं. किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या वैज्ञानिक समितीवरही ते भारताचे प्रतिनिधी होते. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा खात्याकडे गेलं. १९६३ मध्ये परळला, त्याच रुग्णालयाच्या आवारात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइडचे रोग ओळखण्याचं आणि बरे करण्याचं काम तिथे उभं राहिलं. आणि भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये याच केंद्रात बसला.

पेट स्कॅन म्हणजे काय? काचपट्टीवरच्या रंगाची कल्पनाच इथे जिवंत शरीरात नेली आहे. कॅन्सरच्या पेशींना साखर फार लागते. म्हणून साखरेसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडतात आणि तो शिरेतून टोचतात. भुकेल्या पेशी तो ओढून घेतात. या फ्लोरिनचा किरणोत्सार साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे तो अंगात फार काळ राहत नाही. बाहेरचं यंत्र ते किरण टिपतं आणि शरीरातल्या कोणत्या जागी साखर साठली आहे त्याचं चित्र काढतं. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन अवयवाचा आकार दाखवतो. पेट स्कॅन तिथल्या पेशी काय करत आहेत ते दाखवतो. मॉलिक्युलर इमेजिंग, म्हणजे रेणूंच्या पातळीवरचं चित्रण, ते हेच.

घाटंजीच्या बाईंना याचा उपयोग काय झाला? हाताच्या तपासणीत रोग गर्भाशयमुखाच्या आसपास वाटत होता. स्कॅनमध्ये ओटीपोटातल्या लसीका ग्रंथीही चमकल्या. या ग्रंथींत रोग पोचला असेल तर रोगाची पायरी बदलते. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ही गोष्ट धरली जाते. त्यांच्या बाबतीत शेक देण्याचं, म्हणजे रेडिएशनचं क्षेत्र त्या ग्रंथींपर्यंत वाढवावं लागलं. स्कॅन झाला नसता तर तो भाग उपचाराबाहेर राहिला असता. एवढ्यासाठी तो महागाचा फोटो.

पण साखरेचा हा रंग अडाणी आहे. तो भूक ओळखतो, विषाणू ओळखत नाही. क्षयाची गाठही साखर खाते आणि चमकते, आणि आपल्याकडे क्षय काही दुर्मीळ नाही. नुसती सूज आली तरी चमक दिसू शकते. शिवाय उरलेलं औषध लघवीत उतरतं आणि मूत्राशय उजळून निघतं, जे गर्भाशयमुखाच्या अगदी शेजारी असतं. म्हणून संशयाची गाठ पुष्कळदा पुन्हा सुईनं तपासावी लागते.

मग नेमकं लक्ष्य गाठणारा रंग करता येईल का? इथे एचपीव्हीची एक खोड उपयोगी पडते. हा विषाणू पेशीत ई-६ आणि ई-७ नावाची दोन प्रथिनं बनवतो. पेशीत वाढीला आवर घालणारे जे पहारेकरी असतात, त्यांतल्या दोन महत्त्वाच्यांना ही प्रथिनं निकामी करतात. मग पेशी बेलगाम वाढते. गाठ वाढती राहण्यासाठी ही प्रथिनं सतत लागतात. हेला पेशीही ती इतक्या वर्षांनंतर बनवतच आहेत. निरोगी पेशीत ती नसतात. म्हणजे ई-७ ला जाऊन चिकटेल असा छोटा रेणू बनवला आणि त्याला किरण देणारा अणू किंवा चमकणारा रंग जोडला, तर चमक दिसेल ती फक्त विषाणूनं बिघडवलेल्या पेशींत. क्षयाच्या गाठीत नाही, सुजेत नाही.

अशा रेणूंवर जगात प्रयोगशाळांत काम चालू आहे आणि उंदरांमधल्या गाठी त्यातून दिसल्या आहेत. अडचण अशी की ही प्रथिनं पेशीच्या आत असतात. वाहक मोठा असेल तर आत शिरत नाही, फार छोटा असेल तर मूत्रपिंडातून झटकन वाहून जातो. माणसांच्या रोजच्या तपासणीत ही पद्धत अजून आलेली नाही. पण कल्पना स्वप्नाळू नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाला चिकटणारा असा किरणोत्सारी रेणू आज भारतातही नेहमीच्या वापरात आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तो दिवस आला, की काय, कुठे आणि का या तीनही प्रश्नांची उत्तरं एकाच चित्रात मिळतील. तुकडे रंगवत बसलेल्या खानोलकरांना हे पाहून आनंद झाला असता.

चौथा प्रश्न

मात्र जिल्ह्यातल्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला एक चौथा प्रश्न रोज छळतो: केव्हा? रोग केव्हा कळला? घाटंजीच्या बाई आठ महिने थांबल्या. खरं तर त्या पंधरा वर्षं उशिरा आल्या, कारण त्या पंधरा वर्षांत त्यांची एकदाही तपासणी झाली नव्हती. हा दोष त्यांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाहणीनुसार देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनही भरत नाहीत. देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास स्त्रिया त्यानं दगावतात. त्यांतल्या बहुतेकींच्या बाबतीत पेट स्कॅन हा प्रश्नच नसतो. तो करायची वेळ येण्याआधीच खूप काही हुकलेलं असतं.

या बाबतीतही वाट दाखवणारं काम आपल्या मातीतच झालं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचं कॅन्सर रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीनं १९९९ पासून गावोगावच्या एक लाख एकतीस हजारांवर स्त्रियांना सहभागी करून घेऊन अभ्यास केला. ज्या गावांत आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांतल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहिलं, एवढ्यावरही मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. बिघडलेल्या पेशी या आम्लानं मिनिटभरात पांढऱ्या दिसतात. ना मेण, ना अणू, ना मोठं यंत्र. हाही एक रंगच आहे, फक्त स्वस्तातला.

खानोलकरांनी पदं पुष्कळ भूषवली. पद्मभूषण मिळालं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. खारघरला गेलेल्या त्यांच्या संस्थेत त्यांच्या नावाची खानोलकर शोधिका ही इमारत आहे. पण मला त्यांच्यातली घेण्यासारखी गोष्ट वाटते ती नोंदवहीची. काचपट्टीवरच्या पेशींइतकंच त्या पेशी ज्या माणसाच्या आहेत त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. तो काय खातो, कसं नेसतो, कोणत्या वयात त्याचं लग्न झालं. रोग पेशीत असतो, पण त्याची वाट घरातून आणि गावातून येते, आणि ती अडवायची तर घरात आणि गावातच अडवावी लागते.

तेव्हा वाचकांनी एवढं करावं. घरातल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीची, त्रास असो वा नसो, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते, पाचेक मिनिटं लागतात. पाळी गेल्यावर पुन्हा लाल जात असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, दुर्गंधी असलेलं पाणी जात असेल, तर वेचणी संपायची वाट पाहू नये. ९ ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस द्यावी. पुण्यात बनलेली लसही आता मिळते. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे वयात आल्यावर तपासणी चुकवू नये, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

घाटंजीच्या त्या बाई सध्या उपचार घेत आहेत. गेल्या खेपेला त्यांची सून सोबत होती. आम्ही तिलाही तपासणीच्या खोलीत पाठवलं. आम्ल लावून मिनिटभर थांबलेल्या सिस्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की डाग नाही. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या नातीच्या लशीचं विचारलं.